दसऱ्याआधी काढलेलं कुलूप

सोयाबीनची सोंगणी सुरू झाली की वाशिममधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरही ती कळते. गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बारीक पिवळसर धूळ बसते. खालच्या रस्त्यावरून मळणीयंत्र जोडलेले ट्रॅक्टर खडखडत जातात. बायको म्हणते, कपडे आत घ्या. मी घेतो. शर्ट झटकताना ती धूळ नाकात जाते आणि मला मेडशीचं आमचं अंगण दिसू लागतं. अंगणात दुधी रंगाची जुनी ॲम्बॅसिडर उभी असते आणि तिच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून मी बसलेला असतो. हे तिसरं वर्ष. धुळीचा काही दोष नाही, तरी मी खिडक्या लावून घेतो.

लोक पावसाळ्यावर लिहितात, उन्हाळ्यावर लिहितात. सोंगणीच्या दिवसांवर लिहावं असं कुणाला वाटत नसावं, कारण त्या दिवसांत दिसायला काहीच सुंदर नसतं. पानं गळून गेलेली असतात, रान तपकिरी होतं, शेंगा वाळून खुळखुळतात. अंगाला सगळीकडून टोचतं. आभाळात एक ढग आला तरी घरातली माणसं एकमेकांवर खेकसतात. कापलेल्या पिकाची सुडी वावरात रचायची, तिच्यावर ताडपत्री ओढायची, मळणीयंत्राची वाट पाहायची आणि ते आलं की दिवसभर धूळ खायची. पण दुपारी धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली बसून भाकर, ठेचा आणि वांग्याची भाजी खाताना जी भूक लागायची, ती मला नंतर कधीच लागली नाही. आता मी गोळी घेऊन जेवतो.

बाबांकडे विहिरीखालची दोन एकर बागायत होती. त्यात वांगी, मेथी, सांबार निघायचा. बाहेर ज्याला कोथिंबीर म्हणतात तोच आमचा सांबार. बाकी कोरडवाहूत सोयाबीन आणि तूर. असा हा माणूस एकदा अकोल्याला बियाणं आणायला गेला आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरची ॲम्बॅसिडर घेऊन आला. डॉक्टरांना आता चालवणं होत नव्हतं आणि बाबांना नाही म्हणणं होत नव्हतं. माय दारात उभी राहून म्हणाली, "घरचं झालं थोडं अन् याह्यानं धाडलं घोडं." गावाने तर महिनाभर दुसरा विषय काढला नाही. नाकापेक्षा मोती जड, असं लोक बाबांच्या तोंडावर म्हणत. बाबा हसत आणि शेजारच्या मालेगावच्या बाजाराच्या दिवशी डिकीत सांबाराच्या जुड्या रचून, मेथीचं गाठोडं मागच्या सीटवर बसवून ऐटीत निघत. बाजारातले लोक विचारायचे, "काय हो, आज भाजी मोटारीनं आली?" बाबा म्हणायचे, "ते सावकाश आली बसून. म्हून ताजी हाये."

त्या गाडीला ते कुलूप लावत. नेहमी, अगदी पानठेल्यावर सुपारी घ्यायला उतरले तरी. कुलूप लावायचं आणि मग दाराची मूठ दोनदा ओढून पाहायची. मी एकदा वैतागून म्हणालो, "मेडशीत कोन चोरते ही गाडी? ढकलावी लागते तिले." बाबा म्हणाले, "चोराच्या भेवानं नाई लावत रे. कुलूप लावलं का आपलं काहीतरी हाये असं वाटते." तेव्हा मला त्यांचं हसू आलं होतं. आता माझ्याकडे रिमोटची गाडी आहे. बटण दाबलं की ती कुईं करते. तिला कुलूप लावताना मला कधीच काही वाटलेलं नाही.

गाडी मी सोंगणीनंतरच्या मोकळ्या वावरात शिकलो. मी सतरा वर्षांचा होतो. सोयाबीन निघालेलं, हरभरा अजून पेरायचा, अशा मधल्या आठ-दहा दिवसांत बाबा गाडी वावरात घालायचे आणि मला स्टिअरिंगवर बसवून स्वतः बाजूला बसायचे. खोडक्या खालून खरडायच्या, गाडी उड्या मारायची, बाबांचं डोकं छताला आपटायचं. क्लच सोडताना मी पाय झटकन उचलला की ते म्हणत, "हळू रे. ते जनावर नाई, पन त्यालेबी समजते." त्या वर्षी दसऱ्याला विळे, पांभर, फवारणीचा पंप अशी सगळी हत्यारं धुवून ओळीनं मांडली, हळदी-कुंकू वाहिलं, आणि झेंडूचा हार घेऊन बाबा गाडीपाशी गेले. मग थांबले. हार माझ्या हातात देऊन म्हणाले, "तू बांध. आता तूबी डायवर हायेस." मी बांधला. एका बाजूला लोंबत होता. बाबांनी तो सरळ केला नाही. पुढे तो घरचा रिवाजच झाला. बाकी पूजा बाबांची, गाडीचा हार विल्याचा, म्हणजे माझा.

मग मला वाशिमला नोकरी लागली. लग्न झालं, फ्लॅट घेतला, गाडी घेतली. आमच्या इमारतीत दसऱ्याला खाली सगळ्यांच्या गाड्यांची एकत्र पूजा असते. सेक्रेटरी भटजी आणतो, पेढे वाटतात. मी माझ्या गाडीला हार घालतो, फोटो काढतो. वाशिमहून मेडशी एस.टी.ने तास-सव्वा तास. एवढ्या जवळ राहणाऱ्या माणसाला जायला कारण लागतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. एक दसरा चुकला, मग दुसरा, मग मी मोजायचं सोडून दिलं. बाबा आदल्या दिवशी फोन करत आणि म्हणत, "गाडी धुवून ठेवली रे." मला वाटायचं ते गाडीबद्दल सांगत आहेत. मी "बरं" म्हणायचो.

विसरणं एकदम आलं नाही. आधी ते बाजाराचा दिवस चुकले. भरलेली डिकी घेऊन मालेगावला गेले आणि रिकाम्या मैदानात दुपारपर्यंत बसून राहिले. मग मायला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागले. मग एका सकाळी विहिरीवर जाऊन, मोटार कशी सुरू करायची ते न सुचून तिथेच रडत उभे राहिले. मायने ते मला फोनवर सांगितलं आणि मी अकोल्याच्या एका डॉक्टरची वेळ घेतली. ती नेमकी दसऱ्याच्या आदल्या दिवसाची मिळाली. दोन दिवस आधीच मी माझी गाडी घेऊन मेडशीला गेलो. बाबा ओट्यावर बसले होते. मी नमस्कार केला, त्यांनीही मला नमस्कार केला. त्यावरून मला कळायला हवं होतं. मला वाटलं, बाबा चेष्टा करत आहेत.

सवय व्हावी म्हणून गावात एक चक्कर मारू म्हटलं, तर माझ्या गाडीत ते बसेनात. गोडीने झालं, रागावून झालं. त्यांनी अंगणातल्या निंबाला मिठी मारली आणि म्हणाले, "दुसऱ्याच्या गाडीत मी नाई बसत. माही गाडी हाये मले." तेव्हा ठरलं की त्यांच्याच गाडीतून न्यायचं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर किल्ली नाही. देवघरामागच्या खिळ्यावर ती वर्षानुवर्षं टांगलेली असायची. खिळा होता. आम्ही पिठाचा डबा उपसला, तुरीच्या बियाण्याचं पोतं मोकळं केलं, कोनाडे पाहिले, सुडीभोवती फिरून आलो. बाबा आमच्यासोबत शोधत होते. मध्येच विचारत, "काय हरपलं?" माय मला बाजूला घेऊन म्हणाली, "दवाखान्याचं त्यायच्या कानावर पडलं असन. भेले ते. म्हून लपवून ठेवली." आम्हाला दोघांना ते पटलं. ती किल्ली आजपर्यंत सापडलेली नाही.

मालेगावहून मजीदभाईंना बोलावलं. साठीचा माणूस, किल्ल्या करणं आणि कुलपं दुरुस्त करणं हा धंदा. बाबांच्या ओळखीचे, बाजारात त्यांची बसायची जागा आमच्या भाजीसमोर. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते आले. बाबा न्याहारी करून आत झोपले होते. मजीदभाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली, बोनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "काच फोडाची गोठ करू नका. हे गाडी मले ओळखते." काचेच्या खालच्या रबरातून त्यांनी एक पातळ पोलादी पट्टी आत सोडली, कान दाराला लावला, हलकेच वर ओढली आणि खट् आवाज झाला. दार उघडलं. आतून सांबाराचा, तंबाखूचा आणि तापलेल्या रेग्झिनचा वास आला. मी उगाच टायरची हवा तपासायला वाकलो.

खरं काम पुढचं होतं. गाडी सुरू करायची म्हणजे डॅशबोर्डवरचं किल्लीचं कुलूप काढायचं. त्या कुलपाची एक पितळी नळी असते, बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी. तिच्या पोटात छोटे खिळे आणि स्प्रिंगा असतात. किल्लीचे दात त्या खिळ्यांना आपापल्या उंचीवर उचलतात, तेव्हाच नळी फिरते. थोडी फिरली की तिच्या तोंडावरच्या बारीक छिद्रातून तार दाबायची, आतला खटका दबतो आणि नळी अख्खीच्या अख्खी बाहेर येते. किल्ली नसेल तर ते खिळे एकेक करून तारेने उचलावे लागतात. मजीदभाईंनी दोन तारा आत घातल्या आणि डोळे मिटले. मी विचारलं, "दिसते का काही?" ते म्हणाले, "डोयानं नाई पाहा लागत साहेब. चार खिळे हायेत. दोन उठले. तिसरा रुसून बसला."

मी घड्याळ पाहिलं. डॉक्टरची वेळ दुपारी एकची होती, मध्ये घाट होता, रस्त्याचं काम चालू होतं. अर्धा तास गेला. तिसरा खिळा उठला की पहिला खाली बसायचा. मी डॅशबोर्डखाली टॉर्च धरून बसलो होतो, मान आखडली होती, घाम डोळ्यांत जात होता. मजीदभाई पुटपुटले, "सबर करा. बापाच्या हाताची सवय हाये या ताल्याले, दुसऱ्याले वेळ लागते." मी म्हणालो, "मजीदभाई, ड्रिल आणलं ना? मारा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मारलं तं हे पुन्हा बसनार नाई." मी म्हणालो, बसलं नाही तरी चालेल. अति घाई संकटात नेई, हे मी आयुष्यभर ट्रकच्या पाठीवर वाचत आलो. वाचणं वेगळं.

ड्रिल सुरू झालं. पितळेचा चुरा माझ्या मनगटावर पडत होता, गरम. मग आतले खिळे आणि स्प्रिंगा एकदम सुटून पायाजवळच्या रबरी चटईवर सांडल्या. मजीदभाईंनी नळी पक्कडीने बाहेर ओढली. डॅशबोर्डला एक भोक राहिलं. त्याच्या मागच्या बटणात पेचकस घालून त्यांनी फिरवला, गाडी खाकरली आणि सुरू झाली. मी जिंकल्यासारखं डोकं वर काढून पाहिलं, तर गाडीच्या दाराशी बाबा उभे होते. आवाजाने उठून आले होते. धोतर सुटलेलं, एक हात निंबाला.

मला वाटलं आता ओरडतील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पण त्यांनी हात जोडले. माझ्यापुढे.

"भाऊ," ते म्हणाले, "गाडी नेता काय?"

मी हातातला टॉर्च विझवला.

"न्या. मी नाई नोको म्हनत. फकत उद्याचा दिवस राहू द्या. परवा या अन् घेऊन जा."

मजीदभाईंनी गाडी बंद केली. "काहून दादा? उद्या काय हाये?"

"उद्या दसरा हाये नं. माहा पोरगा येते. गाडीचा हार तोच बांधते." मग ते जरा जवळ आले आणि मायला ऐकू जाऊ नये अशा आवाजात मला म्हणाले, "किल्ली मीच लपवली. हे बुढी म्हने, गाडी अकोल्याले न्याची हाये. गाडी अंगनात नाई दिसली तं तो कायले येईन? पन आता कुठी ठेवली तेच ध्यानात येऊन नाई राह्यलं."

मी गाडीतून बाहेर आलो. त्यांचे जोडलेले हात धरले आणि म्हणालो, "बाबा, मी विल्या. विलास."

ते माझ्याकडे बघून सौजन्याने हसले. परक्या माणसाकडे बघून हसावं तसं. "तुमचंबी नाव विलासच? बरं हाये," ते म्हणाले. "तो आला का भेटवतो तुमाले."

मजीदभाई चटईवर सांडलेले खिळे आणि स्प्रिंगा वेचत होते. नळीसकट सगळं रुमालात बांधून त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाले, "साहेब, आज अकोला राहू द्या." मी डॉक्टरांकडे फोन करून वेळ रद्द केली.

तो रुमाल माझ्या कपाटात आहे. मला कुलपातलं काही कळत नाही, तरी एकदा मी ते चारही खिळे नळीत पुन्हा बसवायचा प्रयत्न केला. ते वेगवेगळ्या उंचीचे असतात, आणि कुठला कुठे होता ते आता कुणालाच ठाऊक नाही. दसऱ्यानंतर बाबांना त्याच गाडीतून अकोल्याला नेलं, पेचकसाने सुरू करून. डॉक्टर म्हणाले, हे थोडं लांबवता येईल, मागे नेता येणार नाही. लांबलंही नाही. फाल्गुनात ते गेले. नातेवाईक म्हणाले, सुटले बिचारे, शेवटी कुणाला ओळखत नव्हते. पण ते खरं नाही. ते मजीदभाईंना शेवटपर्यंत ओळखत होते. गाडीला ओळखत होते. मायला कधी बहीण समजत, कधी बायको, पण आपलं माणूस म्हणूनच. मला ते ओळखत नव्हते, आणि माझी वाट मात्र पाहत होते. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा राहत होत्या, ते मी अजून स्वतःला समजावू शकलेलो नाही. मी इतका छातीत दुखेपर्यंत रडलो आहे की आता सोंगणी आली म्हणजे रडू येण्याआधीच थकवा येतो.

त्या दसऱ्याची सकाळ सांगायची राहिली.

बाबा पहाटे उठून पाण्याच्या पाइपने गाडी धूत होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं की आज दसरा आहे. पुसता पुसता त्यांचं फडकं डॅशबोर्डवरच्या भोकापाशी आलं, तेव्हा त्यांनी बोट आत घालून पाहिलं आणि पुढचं पुसायला घेतलं. मायने मला मागच्या दाराने बाहेर काढलं. म्हणाली, "तू रस्त्यावरून ये. एस.टी.तून उतरल्यासारखा. हातात थैली घे. मंग ओळखतीन." मी अडीच हातांचा झेंडूचा हार पिशवीत घालून हायवेपर्यंत चालत गेलो. वाशिमकडून एक एस.टी. आली, थांबली, त्यातून पाचसहा माणसं उतरली. त्यांच्यात मिसळून मी गावात आलो आणि आमच्या फाटकातून आत शिरलो. लहानपणी नाटकात विंगेतून यायचो तसा.

बाबा गाडीशेजारी खाटेवर बसले होते. धुतलेलं धोतर, टोपी. "या," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो नाही. सरळ गाडीपाशी गेलो, पिशवीतून हार काढला आणि बोनेटवर बांधला. तो एका बाजूला लोंबला. माय ओट्यावर पदर तोंडाशी धरून उभी होती. मी वळलो.

बाबा उठले. गाडीपुढे आले, हाराकडे बराच वेळ पाहिलं. मग वाकून माझी गाठ सोडू लागले. बोटांना जमत नव्हतं, तरी त्यांनी ती तोडली नाही, सोडवलीच. हार दोन्ही हातांवर घेतला, फडकं बादलीत बुडवून पिळलं, त्यात तो गुंडाळला आणि निंबाच्या सावलीत नीट ठेवून दिला.

"राग नोको मानू भाऊ," ते म्हणाले. "हा त्याचा मान हाये. तो आला अन् हार आधीच बांधेल दिसला तं हिरमुसते."

मायला राहवलं नाही. "अवो, कोनाची वाट पाहून राह्यले? दरसाल पाह्यली. आला काय कधी तुमचा पोरगा?" असं ती ओरडली, आणि लगेच तोंडात पदर कोंबून आत गेली.

बाबांनी ती गेली त्या दाराकडे रागाने पाहिलं. मग माझ्याकडे वळले. परक्यासमोर घरातलं बोलणं झालं म्हणून त्यांना संकोच वाटत असावा. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला समजावून सांगितलं.

"तिचं मनावर नोको घेऊ. पोरगा चांगला हाये माहा. घरी याचं लय मन असते त्याचं. फोनवर सांगते नं मले. पन नोकरी मोठी हाये, दसऱ्याची सुट्टीच नाई भेटत त्याले."

दसऱ्याची सुट्टी मला दर वर्षी होती.